‘बंद घर’ हा शेरा

ला लोमा
१२ जानेवारी २००९

डोन एवेलिओ,

तुमच्या लेकीचं, सिनियाचं, पत्र शनिवारी मिळालं. पोरीचं अक्षर अगदी तुमच्यासारखं, उजवीकडे कललेलं. पाकीट हातात आलं तेव्हा वाटलं तुम्हीच लिहिलंय, आणि मी चक्क औषधांच्या खोलीचं दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ती लिहिते की तेरा फेब्रुवारीला सान होसेत तुमच्या अपिलाची सुनावणी आहे. ही शेवटची. नंतर ‘कर्तव्यात कसूर, नोकरीवरून कमी’ हे तुमच्या नावापुढे कायमचं राहणार. मी ‘त्या मंगळवारी नेमकं काय झालं’ हे दोन ओळींत लिहून दिलं, तर ते पुसलं जाऊ शकतं. दोन ओळी, असं तिनं लिहिलंय. फार गोड पोर आहे. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आरोग्यकेंद्रात सगळं ठीक. उत्तरेकडच्या देशातल्या नर्सिंगच्या मुली परवा आल्या. यंदा अकरा जणी. तीन आठवडे आपल्याकडे राहून आपली आरोग्यव्यवस्था बघणार, नेहमीप्रमाणे. त्यांच्या बाई, मिसेस ऑल्सन, बसमधून उतरल्या आणि पहिलं काय विचारावं? “एवेलिओ कुठे आहेत?” मी म्हटलं, “निवृत्त झाले. मुलीकडे असतात, नीकोयाला. तिथली हवा मानवते त्यांना.” हवा मानवते! इथल्या थंडीतसुद्धा बाह्या दुमडून फिरणारा माणूस, तो नीकोयाच्या भट्टीत काय करत असेल, ते मला कळतं. पण तोंड उघडलं की खोटं आपोआप बाहेर येतं हल्ली.

गेल्या वर्षीच्या मुलींपैकी एकीनं त्यांच्या कॉलेजच्या मासिकात आपल्यावर लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य डॉक्टर उमान्यांनी मोठ्या अक्षरांत छापून, काचेच्या चौकटीत घालून दाराच्या वर भिंतीवर लावलंय: “या देशात एकही घर सुटत नाही.” त्या चौकटीखालून मी दिवसातून वीस वेळा जाते.

सिनियाला काय कळवू? घरभेटीच्या पत्रकावर जे आहे ते आहे. ‘बंद घर’ असा शेरा आहे. घर बंद होतं. याहून वेगळं मी काय लिहून देणार, तुम्हीच सांगा.

गुडघ्यांना एरंडेल चोळत जा.

योर्लेनी


२१ जानेवारी

डोन एवेलिओ,

मागच्या पत्रातली ‘घर बंद होतं’ ही ओळ खोटी होती. तुम्हाला ती वाचताना हसू आलं असेल किंवा तुम्ही पत्र चुलीत घातलं असेल.

आज मुलींना घेऊन डोन्या हिल्दाकडे गेले. तेच घर, तीच चकचकीत फरशी, जिरेनियमच्या त्याच कुंड्या. म्हातारीनं रक्तदाबाची वही काढून ठेवली होती, मक्याच्या गोड पोळ्या केल्या होत्या, गुळाचं पाणी उकळत ठेवलं होतं. फाटकाशी उभी राहून मी मुलींना शिकवलं की आपल्याकडे दार वाजवत नाहीत, हाक मारतात, “ऊऽपे!” अकराजणी एका सुरात ओरडल्या. गल्लीतली कुत्री घाबरून पळाली.

मग माझं ठरलेलं भाषण. प्रत्येक घराचं एक पत्रक असतं. ज्या घरात धोका जास्त, गरोदर बाई, तान्हं मूल, मजुरांची वस्ती, ते पहिल्या क्रमांकाचं घर, तिथे आमचा आरोग्यसेवक वर्षातून तीनदा जातो. जे धडधाकट, त्या तिसऱ्या क्रमांकाच्या घरी एकदा. तीनदा हाक मारून कुणी ओ दिली नाही तर पत्रकावर ‘बंद घर’ असा शेरा मारायचा आणि पुन्हा यायचं. मुली लिहून घेत होत्या. एक म्हणाली, “आमच्याकडे कुणी घरी येऊन विचारत नाही, आम्हीच आजारी पडायला घाबरतो.” हे असं कुणी बोललं की माझी छाती फुगते. या फुगण्यानंच घात केला.

डोन्या हिल्दा सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं, एवेलिओला कुठं धाडलंत? तो यायचा तर आधी माझी जीभ बघायचा, मग माझ्या कोंबड्यांची. तुम्ही पोरी नुसत्याच फोटो काढता.”

मी म्हटलं, “निवृत्त झाले ते.”

“निवृत्त?” म्हातारी फणकारली. “मला काय काल जन्मलेली समजतेस? निवृत्त होणाऱ्याला केक कापतात. त्याला कुणी केक कापलेला मी तरी नाही बघितला.”

मिसेस ऑल्सनना स्पॅनिश चांगलं येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं असतं तर मी आणखी एक थाप ठोकली असती.

परत येताना टेसा नावाची एक उंच मुलगी माझ्या बरोबरीनं चालत होती. सगळं लिहून घेते ती, कुंड्यांचा रंगसुद्धा. तिनं विचारलं, “घरात माणूस असून ओ देत नसेल तर?” मी म्हटलं, “तसं होत नाही.”

तसं होतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी बावीस वर्षांची, नवी कोरी, पांढरे बूट घालून या डोंगरात आले. तुम्ही मला सोळा वाटा दाखवल्या. गाम्बोआंच्या कॉफीमळ्यातल्या पत्र्याच्या चाळीपाशी नेलंत, जिथे तोडणीला पनामाहून आलेली न्गोबे जमातीची माणसं राहतात, आणि म्हणालात, “पोरी, इथं ‘ऊपे’ करायचं नाही. इथं ओरडत येतो तो फक्त मुकादम. दिवसा खोलीत कुणी पडून आहे का ते बघायला येतो तो. हाक ऐकली की आजारी माणूस श्वास रोखून बसतं. आपण या दगडावर बसायचं, गप्प. पोरं येतील, मग कुत्रं येईल, मग बाई येईल.” आणि आपण बसलो. चांगला अर्धा तास. मला मुंग्या चावल्या.

तर त्या मंगळवारचं लिहिते. जे सिनियाला दोन ओळींत हवंय.

गेल्या वर्षीच्या मुलींना घेऊन तुम्ही चाळीवर जायचं, असं तुम्हीच आठवडाभर आधी ठरवलं होतं. सकाळी तुम्ही लसींचा डबा खांद्याला लावून तयार होता. मी म्हटलं, “आज हिल्दाकडे जाऊ.” तुम्ही म्हणालात, “चाळीत त्या गरोदर बाईचे पाय सुजलेत. शनिवारी दुकानापाशी बघितलं मी. तिला सांगून आलोय, मंगळवारी दाब मोजायला येतो.” मी म्हटलं, “मुलींना घेऊन हिल्दाकडे तुम्ही जा, चाळ मी बघते.”

चाळीत चिखल होता. धूर होता. चाळीस माणसांना एक नळ. आदल्याच दिवशी त्या मुली मला म्हणाल्या होत्या की तुमचा देश आमच्यासाठी आदर्श आहे. तो आदर्श मला गाम्बोआंच्या नळापाशी नेऊन उभा करायचा नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं कारण एवढंच. मी तेव्हा म्हटलं होतं की तिथली वाट घसरडी आहे, मुली पडतील. तुम्हीही त्यावर विश्वास ठेवला नव्हता, पण मी मुख्य परिचारिका होते आणि तुम्ही माझं ऐकलंत.

पुढचं आज लिहवत नाही.

योर्लेनी


२९ जानेवारी

डोन एवेलिओ,

ती बाई यंदाही तोडणीला आली आहे. आज केंद्रात आली होती.

सकाळी सातपासून बाकावर बसून होती, लांब निळा झगा घातलेला, शेजारी आठेक वर्षांची मुलगी. मुलीला लस द्यायची होती. मी तिला खिडकीतून बघितलं आणि मदतनीस मुलीला म्हटलं, “तू बघ गं, मला औषधं मोजायचीत.” औषधं कालच मोजली होती. तासभर मी गोळ्यांच्या त्याच बाटल्या पुढे-मागे करत होते. टेसा जाऊन तिच्याशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी मुलीच्या गळ्यातल्या मण्यांवरून त्यांचं काहीतरी चाललं होतं आणि दोघी हसत होत्या.

मी बाहेर आले तर ती उठली. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. मग पिशवीतून पिशवी काढली, तिनं स्वतः विणलेली, तांबड्या-काळ्या पट्ट्यांची, आणि मला दिली. कारण काय, तर त्या मंगळवारनंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी, तिला झटके येत होते आणि मजूर तिला जीपमध्ये घालून नेत होते, तेव्हा वाटेत मी चढले होते. दवाखान्यापर्यंत मी तिचा हात धरून होते. ती वाचली, पोटातलं मूल गेलं. तिला वाटतं की मी तिला वाचवलं.

आणि मी पिशवी घेतली, डोन एवेलिओ. आभार मानून घेतली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. जमीन दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते.

आता राहिलेलं सांगते. मंगळवारी दुपारी दीडला मी चाळीकडे गेले. मुलींच्या निरोपाच्या जेवणाची तयारी व्हायची होती. भात, चिकन, सजावटीचे कागद. माझ्या डोक्यात तेवढंच. मी वाटेवरच थांबले. खाली उतरलेसुद्धा नाही, बूट पांढरे होते. वरूनच हाक मारली, “ऊपे!” तीनदा. एका खोलीच्या पत्र्यातून धूर येत होता. आत कुणीतरी खोकलं. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, पण ऐकलं होतं. दगड तिथंच होता. अर्धा तास बसायचं होतं, एवढंच काम होतं.

मी तुमच्या विभागाच्या गठ्ठ्यातलं पत्रक काढलं. खाली तुमचं नाव छापलेलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, बंद घर. माझी सही केली नाही. ते काही कपटानं केलं नव्हतं, निव्वळ घाईत राहून गेलं. चौकशीच्या दिवशी मात्र ती राहून गेलेली सही मला देवासारखी वाटली.

चौकशीच्या खोलीत आपण पाच माणसं होतो. वरून आलेल्या साहेबांनी पत्रक तुमच्यापुढे सरकवलं. “हा विभाग तुमचा?” तुम्ही म्हणालात, “माझा.” “त्या बाईचे पाय सुजलेत हे तुम्हाला माहीत होतं?” “होतं.” “मग ‘बंद घर’ लिहून परत का आलात?” तुम्ही माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्याला बोलायला जागा करून द्यावी तसं तुम्ही बघितलं आणि थांबलात. मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिले. मग तुम्ही म्हणालात, “विभाग माझा आहे. माझ्या विभागात झालं.”

तेवीस वर्षं दारोदार फिरलेल्या माणसाला त्यांनी दहा मिनिटांत घरी बसवलं. बाहेर आल्यावर मी तुम्हाला कॉफी देऊ केली होती. तुम्ही ती घेतली नाही, मला वाईट वाटलं, आणि मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की एवेलिओ फार ताठ आहेत. बघा माझी मजल.

तेरा तारखेला पंधरा दिवस आहेत. मी रोज कागद पुढ्यात घेते. ‘मी, योर्लेनी पिकादो,’ एवढं लिहून होतं आणि मग मला माझी मुलं दिसतात, डॉक्टर उमान्या दिसतात, चौकटीतलं वाक्य दिसतं. मी भित्री आहे. हे लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही दोनशे किलोमीटर लांब आहात.

योर्लेनी


३ फेब्रुवारी

डोन एवेलिओ,

झालं. दिलं लिहून. सोबत नक्कल जोडली आहे, सिनियाला द्या. दोन ओळी नाहीत, दीड पान झालं.

शुक्रवारी मुलींचा निरोपसमारंभ होता. डॉक्टर उमान्या म्हणाले, “योर्लेनी, आपल्या व्यवस्थेबद्दल चार शब्द बोल. ते घरभेटींचं छान बोलतेस.” मी उभी राहिले. माझ्या मागे ती चौकट. नेहमीचं भाषण सुरू केलं, पहिल्या क्रमांकाचं घर, तिसऱ्या क्रमांकाचं घर, आणि ‘बंद घर’पाशी येऊन अडकले. मिसेस ऑल्सनना वाटलं मला शब्द सापडत नाही, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगून टाकलं. मंगळवार, हिल्दा, माझे बूट, खोकला, तुम्ही, तांब्या. मिसेस ऑल्सन भाषांतर करत होत्या. मध्येच त्या खाली बसल्या आणि एका मुलीनं पुढचं भाषांतर केलं. टेसानं वही मिटून मांडीवर ठेवली होती.

सगळ्यात शेवटी मिसेस ऑल्सन म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आम्हाला खूश करायला गेलात.” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “आम्ही खूश झालो होतो.” आणि त्यांनी तोंड फिरवलं.

डॉक्टर मला आत घेऊन गेले. “वेडी झालीस का? परक्यांसमोर? घरातलं घरात सांगायला काय झालं होतं?”

मी म्हटलं, “घरात वर्षभर होतं डॉक्टर. घरात ते कुजलं.”

“तुझी नोकरी जाईल, कळतंय का?”

“कळतंय. म्हणून तर वर्ष लागलं.”

त्यांनी हात झटकला आणि ते बाहेर गेले. सोमवारी मी स्वतः बसनं सान होसेला जाऊन कागद दाखल केला, पोच घेतली. माझ्यावर आता वेगळी चौकशी बसेल. तोवर मला गोदामात बसवलंय, पेशंटला हात लावायचा नाही. चौकट कुणीतरी काढून ठेवली, भिंतीवर तेवढाच पांढरा चौकोन राहिलाय.

नवरा दोन दिवस बोलला नाही. काल म्हणाला, “निदान आता रात्री झोपशील.” आणि झोपलेही.

डोन एवेलिओ, मी पापी आहे, पण शेवटी केलं की नाही? तुम्ही मला पोरी म्हणायचात. पोर चुकली, उशिरा का होईना तिनं कबूल केलं. आता तरी एक ओळ लिहा. माफ केलं एवढीच. मला उजळ माथ्यानं गावात फिरायचं आहे.

तुमची,
योर्लेनी


नीकोया
१७ फेब्रुवारी २००९

योर्लेनी,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिलं वाचून ठेवून दिलं. दुसऱ्याला वाटलं, आता पोर वळणावर आली. सुनावणी झाली. तुझा कागद साहेबांनी मोठ्यानं वाचला. माझ्या नावापुढचं ते वाक्य काढलं. पुन्हा कामावर या म्हणाले, मी नको म्हटलं. गुडघे संपले. पण आता सिनियाच्या पोरांना मी सांगू शकतो की आजोबा काय काम करायचे. त्याबद्दल तुझे आभार. कागद द्यायला धैर्य लागतं, ते तू दाखवलंस, हे मी कुणापुढेही म्हणेन.

माफीचं म्हणशील तर माझ्याकडे फार काही शिल्लक नाही, होतं ते तुला केव्हाच देऊन टाकलंय. मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा? ती सुजलीय हे मला दिसलं होतं. तू ‘हिल्दाकडे जा’ म्हणालीस आणि मी गेलो. वरच्यांचं ऐकायची सवय. गुळाचं पाणी पीत बसलो आणि त्या पोरी माझे फोटो काढत होत्या. चौकशीत मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी नव्हे, हे तुला सांगून ठेवतो. मला शिक्षा व्हावी असं मला वाटत होतं.

पण एक गोष्ट. परवा सिनिया तुझी पत्रं ओळीनं वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “बाबा, त्या बाईचं नाव काय?” मी म्हटलं, “पत्रात असेल.” ती म्हणाली, “नाही.” मग मीही चष्मा लावून चारही पत्रं पुन्हा बघितली. हिल्दा आहे, टेसा आहे, गाम्बोआ आहे, डॉक्टर आहे, मी तर पानापानावर आहे. तिचं नाव कुठेही नाही. तुझ्या दीड पानी कागदातही ‘रुग्ण’ असं आहे. आणि मी माझं बघितलं तर चौकशीत मीही ते घेतलं नव्हतं.

तू माझा हात धरून रडतेस, योर्लेनी. मेलं तिचं मूल.

केंद्रातल्या कार्डावर एक नाव सापडेल. ते घेऊ नकोस. ते मुकादमानं मजुरांच्या यादीसाठी ठेवलेलं आहे. त्यांच्यात घरचं नाव वेगळं असतं आणि ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मला ते माहीत आहे, चार हंगाम बसल्यावर तिनं सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

तोडणी संपायला दहा-बारा दिवस राहिले असतील. मग ते डोंगर उतरून जातील, आणि पुढच्या वर्षी ती येईलच असं नाही. तिला अजून वाटतं तू तिला वाचवलंस. तिला खरं सांगायला जाशील तेव्हा ती पिशवी बरोबर ने. मला आता पत्र लिहू नकोस, आधी तिच्याकडे जाऊन ये.

एवेलिओ